लीनस

मार्चपासून विगांतसकडे एकच शब्द उरलाय.
मेंदूत रक्ताची गाठ झाली,
तेव्हा लेकीचं नाव गेलं, पावाचं गेलं,
हो गेलं, नको गेलं.
राहिला तो हा: लीनस.

लिथुआनियन भाषेत लीनस म्हणजे दोर, जाडजूड,
होडीला पुरून उरणारा.
आणि लीनस म्हणजे तो मासाही
गाळात वस्ती करणारा, शेवाळी सोन्याचा,
ओठांच्या कडेला दोन इवल्या मिशा,
डोळे तांबडे, जागरण झाल्यासारखे.

दानगुओलेनं आधी दोर आणला,
पडवीतला, डांबराचा वास मुरलेला.
म्हाताऱ्यानं तो मांडीवर घेतला,
गाठ सोडली, पुन्हा मारली.
हातांना सगळं येत होतं.
मग दोर बाजूला सारून म्हणाला, लीनस.

जून लागल्यावर शेजारचा क्लेमेन्सास
पहाटे तीनला गळ टाकून बसला.
कमळपानांच्या कडेनं बारीक बुडबुडे,
खाली कुणीतरी पुटपुटत असल्यासारखे.
दहाला मासा घरात, ओल्या शेवाळात गुंडाळलेला,
जिवंत.
हा पाण्यावाचून बराच वेळ तग धरतो,
हे विगांतसच सांगायचा,
सांगायचा तेव्हा.

बादलीत त्यानं बाहीसकट हात घातला.
या माशाचा बुळबुळीत चिकटा औषधी, म्हणतात इथे;
घायाळ झालेला पाइकसुद्धा
याच्या अंगाला अंग घासून जातो म्हणे.
दानगुओलेनं बोट बुडवलं, म्हाताऱ्याच्या कपाळाशी नेलं,
स्वतःलाच हसली.
मग लावलंच.
काही झालं नाही.
लीनस, तो म्हणाला, खिडकीकडे बघत.

मी वरच्या खोलीतली भाडेकरू.
रात्री विभक्ती पाठ करते, सकाळी चुकते.
मला त्या शब्दात आमचा लीन ऐकू येतो,
विरघळलेला, तळाला टेकलेला.
संबंध काही नाही, ठाऊक आहे.
म्हणून कुणाला बोलले नाही;
या घरात आधीच दोन अर्थ जास्त झालेत.

अंधार पडायला इथे अकरा वाजतात.
दानगुओले बादली घेऊन धक्क्यावर गेली,
पाण्यात कलती केली.
मासा लगेच गेला नाही.
वाऱ्यानं होडी आडवी झाली होती,
ती तिनं त्याच दोरानं खुंटाला बांधली.

खिडकीतून हाक आली: लीनस!

तिनं हात स्कर्टला पुसले.
"आले, बाबा."