कलम सातवे

मी पुर्सो शेणवी, मडगावच्या नोताराचा कारकून.
करार पोर्तुगीजमध्ये लिहितो, शंका मोडीत.
करार गिऱ्हाईक घेऊन जातं,
शंका माझ्यापाशी उरतात. ही त्यातलीच.

अठराशे बाराचा जून, सांजांवला पाच दिवस.
लोटलीची एर्मेलिंद बार्रेत आली,
पालखीतून नव्हे, पायी,
वहाणा हातात, चिखल घोट्यापर्यंत.
काकाचं मृत्युपत्र टेबलावर आपटून म्हणाली,
"मला नवरा हवा. मंगळवारपर्यंत."

काकाने मरतानाही खोड सोडली नव्हती.
सांजांवच्या घंटेआधी पुतणीचं लग्न झालं नाही
तर चारशे माड आणि मिठागर
चुलतभाऊ आंतोनला,
ज्याला माडावर दुसरा चढला तरी घेरी येते.

पुरुमेंताची बेगमी झाली होती:
मिरची, मीठ, सुकी सुंगटं.
यादीत एवढंच राहिलं होतं.

नोतार म्हणाले, "बाई, नवरे आम्ही ठेवत नाही."
मी म्हटलं, "बाहेर बाकावर एक आहे."

राय गावचा व्हेनांसियो.
काबोवरच्या इंग्रज कप्तानाशी पत्ते खेळून
घोडा हरला, मग खोगीर,
मग त्याचा नसलेला आणखी एक घोडा.
कर्जाचा कागद करायला आला होता.

तिने त्याला देठापासून पाहिलं, मिरची पाहतात तसं.
"घोरता?"
"अजून कुणी सांगितलं नाही."
"कर्ज किती?"
त्याने आकडा सांगितला. नोतारांनी चष्मा पुसला.
ती म्हणाली, "एवढंच?"

दुसऱ्या दिवशी करार.
कर्ज ती फेडील. पत्ते तो सोडील.
बाल्कांवातला उजवा सोपा तिचा, डावा त्याचा.
असं करत सहा झाली. सातवं तिने सांगितलं
खिडकीबाहेर बघत:
"उभय पक्षांनी प्रेम इत्यादी करू नये."
मी विचारलं, "इत्यादीत काय काय घालू?"
नोतारांनी टेबलाखालून लाथ मारली.

तीन रविवार पुकारायला वेळ कुठला!
विगाराकडे दोन खंडी मीठ गेलं,
आणि चर्चला घाई समजली.
नवऱ्याचा कोट उसना, त्याच कप्तानाचा,
लाल, बाह्या कोपरापाशी संपणाऱ्या.
व्हायोलिनवाला एक, तार त्याहून कमी.

ऑगस्टमध्ये दोघं परत.
"तिसरं कलम बदला. झड डावीकडून येते.
यांना उजवीकडे बसू द्यावं, पावसापुरतं."
बदललं.
नोव्हेंबरात पुन्हा.
"पाऊस म्हणजे काय ते लिहा.
दव धरावं."
धरलं.
नाताळाआधी दुसरं कलम:
पत्ते वर्ज्य, पत्नीशी खेळ सोडून.
तोवर तिने त्याच्या जाकिटाची
चार बटणं जिंकली होती, ती स्वतःच लावून देत असे,
पुन्हा जिंकायला.

इंत्रुजच्या आदल्या दिवशी तो एकटा आला.
"सातवं मोडलं तर दंड किती?"
मी कागद उलटासुलटा केला.
दंड लिहायचाच राहिला होता.
"मग निदान नोंद घ्या," म्हणाला
आणि बाहेर बाकावर जाऊन बसला.

अर्ध्या तासाने ती, मागच्या दाराने.
"सातवं मोडलंय. माझ्याकडून. तारखेनिशी लिहा."
"तारीख?"
"एकोणीस जून."
"पण बाई, करार वीसचा!"
"म्हणून तर सातवं घातलं,"
ती म्हणाली, आणि माझी दौत उगाच सरळ केली.

बाहेर पडली तर तो बाकावर, डाव्या टोकाला.
"इथे काय करताय?"
"पाऊस थांबायची वाट बघतोय."
फेब्रुवारी. अंगणात खोबरं वाळत होतं.
तिने आभाळाकडे पाहिलं, गंभीरपणे,
आणि सरकून त्याला उजवीकडे जागा दिली.

दोन्ही नोंदी केल्या, एकाच पानावर, मोडीत.
फी घेतली नाही.
म्हणजे, एकाचीच घेतली.