पर्व चौथे

मालिका बंद पडली तेव्हा चारुता
अकराव्या पायरीवर उभी होती,
एक हात कडीवर.
दाराआड चकवा. तीन पर्वं आम्ही त्याचा
नुसता धूर पाहिला, आणि हलणारा पडदा.
पुढच्या गुरुवारी त्या वेळेला
स्वयंपाकाची स्पर्धा लागली.

रुवीत, हमरियाच्या आमच्या खोलीत
सहा खाटा, एक टीव्ही.
घाग म्हणाला, पैसे संपले असतील बिचाऱ्यांचे,
एखाद्या आतेभावाबद्दल बोलावं तसं.
नझीर मुकादम काहीच बोलला नाही.
रिमोटची रबराची पट्टी काढली,
पुन्हा लावली.
पडद्यावर कडी वाजायच्या आत
दरवेळी तोच तोंडाने वाजवायचा:
कर्र्र.
महिन्याभरात त्याचा व्हिसा रद्द झाला.
दोन खोकी, एक ब्लँकेट, विमानतळ.
सहाव्या खाटेवर आता इस्त्रीचे कपडे असतात.

दीड वर्षाने घागच्या भाच्याने
चकलीच्या पिशवीत गुंडाळून पाठवलं:
अकरावी पायरी, पर्व चौथे, अंक पहिला.
चित्रकथा. बत्तीस पानं.
वरच्या कोपऱ्यात एक पसरलेला डाग,
तो आधी आम्हांला गोष्टीतलाच वाटला.
मग वास आला.

चारुताचं नाक बदललंय.
घागला ते अजून सहन होत नाही.
बाकी शाईला काय कमी?
दोन पानं भरून आख्खं गाव जळतंय,
मेलेला पोस्टमन परत आलाय,
चकव्याला तोंड आहे, तोंडात दात,
आणि दात मोजता येतात.
मी मोजले. अठ्ठावीस.
अठ्ठावीस दातांना माणसाने किती घाबरायचं?

पण सहाव्या पानावर
एका चौकटीत फक्त कडी,
आणि वर वाकड्या अक्षरांत: कर्र्र.
कोणी मोठ्याने वाचलं नाही.
पाचजण होतो.
पान उलटायला वेळ लागला.

शनिवारी अंक माझ्याबरोबर व्हॅनमध्ये.
मागे दह्याचे क्रेट, चाकावर खल्फान.
घड्याळाच्या चौकाला तिसरी फेरी मारताना
मी त्याला चकवा समजावला:
माणूस रात्री चालतो, चालतो,
आणि पुन्हा त्याच झाडाखाली येतो.
खल्फान म्हणाला, यात भूत कुठे आलं?
हा तर माझा रूट.

तो बहल्याचा. त्यांच्याकडे जिन
घरच्या बकरीसारखे, कोणाचा कुठला ते माहीत.
दुपारी सावलीत गाडी लावून
त्याने अंक मांडीवर घेतला,
आणि त्याच्या हाताला सवय तशी
उजवीकडून उघडला.

त्याची गोष्ट 'क्रमशः'पासून सुरू झाली.
मी टोकणार होतो. टोकलं नाही.
त्याचं बोट उजवीकडून डावीकडे सरकत होतं
आणि त्या बोटाखाली
आग एकेका छपरावरून उतरत गेली,
गाव पुन्हा चुन्याचं पांढरं झालं,
चकव्याने दात मिटले, तोंड मिटलं,
त्याचा धूर झाला,
पोस्टमन आपल्या खड्ड्यात जाऊन निजला.
चारुता उलट्या पावलांनी बाहेर आली.
(आमच्याकडे उलट्या पावलांची म्हणजे कोण,
हे मी त्याला सांगितलं नाही.)
कडी बसली.
अकरा पायऱ्या ती पाठमोरी उतरली
आणि पहिल्या पानावर
आईच्या समोर बसून भाकरी खात होती.

चांगली आहे, खल्फान म्हणाला.
शेवटी पोरगी घरी पोचते.
मग मिटून माझ्याकडे दिला,
चकलीचा डाग वर करून,
आणि गाडी सुरू केली. दही वाट पाहत नाही.

रात्री खोलीत, टीव्हीच्या उजेडात
मीही मागून वाचून पाहिलं.
डोळे सारखे सवयीने वळत होते,
तरी सहाव्या पानापर्यंत आलो.
तिथे अडलोय.
ती कडी बंद होताना
कसा आवाज येतो,
नझीरला विचारायला हवं.