वाकलेल्या माणसाचं माप

आमच्या दुकानात सरळ उभ्या माणसाचं माप घेत नाहीत.
मी स्टूल पुढे ओढते, म्हणते, वाक,
हँडल धरल्यासारखे हात पुढे कर,
आणि टेपचं टोक मानेच्या मणक्यावर टेकवते.
पुढून आखूड, मागून लांब :
शर्यतीची जर्सी अशीच बेततात.
आरशात ती कुणालाच शोभत नाही,
पोटाशी गोळा होते, गळ्याशी चोळामोळा,
नवी पोरं तोंड वेंगाडतात.
मी म्हणते, चढावर आरसा नसतो.

यंदाचा रंग ठरवण्यात तीन रविवार गेले.
डेअरीवाल्याला पांढरा हवा,
सिमेंटवाल्याला राखाडी,
आणि आमच्या बोयाकाच्या धुक्यात
हे दोन्ही रंग असे विरघळतात
की मागून येणाऱ्या ट्रकला पोरगा दिसायचाच नाही.
मी पिवळा तुकडा टेबलावर टाकला,
वरच्या पठारावर फ्राइलेहोन फुलतो तसला पिवळा.
दोघांनी एकमेकांकडे पाहिलं
आणि आणखी एकेक काळी कॉफी सांगितली.
शवपेट्यांच्या दुकानाचा मालक तेवढा शांत होता.
त्याला नाव पाठीवर हवं होतं, खिशांच्या वर, ठळक.
पाठीवर का?
म्हणाला, एर्मिंदाबाई,
जो मागे राहील तो वाचेल.

खिसे तीन.
डाव्यात पेरूची वडी, पानात गुंडाळलेली,
मधल्यात घडी केलेला रेनकोट,
उजव्यात काय असतं ते मी विचारत नाही.

आन्सेल्मो चापार्रोला सगळे पाणक्या म्हणतात.
आठ वर्षांत मंचाची पायरी चढला नाही.
गाडीपाशी मागे जायचं,
बाटल्या खिशात, बाटल्या गळ्यातून आत,
आणि पाठीवर पोट घेतल्यासारखं
पुन्हा सगळ्यांना ओलांडत वर यायचं,
ब्रेनेरला पाणी द्यायला.
ब्रेनेर जिंकतो.
रेषेच्या आधी दोन्ही हात सोडून
चेन गळ्यापर्यंत ओढून घेतो,
फोटोत सिमेंटचं नाव अख्खं यावं म्हणून.
चेन मीच लावलेली, अडकत नाही.

सोमवारी धुवायच्या ढिगात
आन्सेल्मोचे खिसे उसवलेले असायचे.
दुसऱ्या वर्षापासून मी त्याला दुहेरी टीप घालू लागले.
बिलात लावली नाही. त्यालाही सांगितलं नाही.
पाठराखण्याचं काम ज्याचं
त्याची पाठ कुणीतरी राखावी, इतकंच.

जूनमध्ये उतारावर, ओल्या वळणावर, तो गेला खाली.
पुढचे पुढे गेले. शर्यत थांबत नसते.
जर्सी प्लॅस्टिकच्या पिशवीत परत आली.
डावा खांदा डांबरानं खाल्लेला,
नर्सनं खालपासून गळ्यापर्यंत कात्री चालवलेली,
चेनच्या अगदी शेजारून.
अगं, चेन होती ना!
मग लक्षात आलं, तिचे हात घाईत असतील,
माझे तर बसल्या जागी कापू लागले होते.
खिसे शाबूत होते.
उजव्यात गुळाचा खडा,
अर्धा विरघळून कापडाला चिकटलेला.

ऑगस्टमध्ये तो काठी टेकत आला.
बहिणीचं लग्न, कोट शिवायचाय.
मी सवयीनं स्टूल ओढलं, म्हटलं, वाक.
हसला.
कमरेत स्क्रू आहेत, आता वाकता येत नाही.
मग मीच स्टुलावर चढले.
खांद्यापासून टेप सोडली,
आकडा दोनदा वाचला.
आठ वर्षं हा माणूस माझ्या हाताखालून गेला,
आणि तो एवढा उंच आहे
हे मला ठाऊक नव्हतं.

बाहेर कुणाच्या तरी रेडिओवर
निवेदक घाटमाथ्यावर पोचला होता, घसा फाडून.
आम्ही दोघांनी ऐकत नसल्यासारखं केलं.
मी खडूनं खांद्याची खूण केली.
खिसे?
पुढे दोन. मागे नको.
मी लिहून घेतलं.
दारापर्यंत गेला, काठी उंबऱ्यावर थांबली.
म्हणाला, मागे एक ठेवा,
आतल्या बाजूला, दिसणार नाही असा.