बावीस जागा

अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यात, रात्रपाळीला,
सुताच्या चलनाच्या पाठकोऱ्या बाजूवर
आम्ही पुढच्या हंगामाच्या जागा आखतो.
अकरा संघ, प्रत्येकी दोन गाड्या, बावीस माणसं.
आमच्या शेडात माग चोवीस,
त्यातले दोन दिवाळीपासून झाकलेले.

श्रीनिवास गज्जम, जॉबर, कानावर पेन्सिल,
म्हणतो, लाल गाडीतला म्हातारा यंदा उतरणार.
एकेचाळीस वय. मान धरली असणार बे त्याची,
माझी बत्तिसाव्यातच धरली.
मकबूल म्हणतो, मान नको बघू, करार बघ.
दोन वर्षांचा आहे, वर एकाचा पर्याय.
पर्याय कुणाच्या हातात?
यावर कुणीच बोलत नाही.
केबिनमधला दिवा बंद आहे, मालक सुरतेला गेलाय.

यादी सोपी नसते.
पाच दिवसांआड येणाऱ्या नळापुढच्या घागरी,
एक उचलली की मागच्या साऱ्या सरकतात,
आणि कुणीतरी भांडतंच.
हिरव्या संघात मालकाचाच पोरगा.
त्याचं नाव मी शाईनं लिहितो,
बाकीची सगळी पेन्सिलनं.

आमच्यातल्या कुणीही ती गाडी समोरून पाहिलेली नाही.
मकबूलच्या फोनवर बघतो, तिघं एकमेकांच्या खांद्यावर.
काच उजव्या कोपऱ्यात फुटलीय,
वळणावर पहिला असणारा नेमका तिथंच गायब होतो.
आवाज बंद ठेवतो.
मागांपुढं तसाही ऐकू येत नाही.

जानेवारीत गड्डा भरला.
होम मैदानावर फळ्यांची उभी विहीर,
आत बऱ्हाणपूरची गुलनार, जुनी यामाहा,
सायलेन्सर काढलेला, हेल्मेट नाही, केसांना नुसता रुमाल.
दोन्ही हात सोडून ती वर वर येत गेली,
कठड्याला घासत, माझ्या हातातली दहाची नोट
न बघता काढून घेतली.
बोटांना मग रात्रभर पेट्रोलचा वास.
धुतले नाहीत हात, हे गज्जमला सांगितलं नाही.

खेळ सुटल्यावर ती तंबूमागं चहा पीत होती,
बशीत ओतून, फुंकर मारत.
गज्जमनं विचारलं, पुढच्या गड्ड्याला तुम्हीच का?
ती हसली.
पुढच्या सालचं काय विचारता भाऊ,
रात्री नऊच्या खेळाला कोण चालवणार ते विचारा.

त्या रात्री बावीस नावं झाल्यावर
खाली एक रेघ मारून मी लिहिलं,
राखीव: गुलनार.
मकबूल हसला, कोणत्या संघाची?
पण खोडलं कुणीच नाही.
गज्जमनं घडी घालून कागद
तेलाच्या डब्यामागं ठेवला.
पैज अशी, ज्याची नावं जास्त चुकतील
त्यानं विजापूर वेशीत शीक खिलवायचं.

वर्ष झालं. कागद काढला, तेल लागून पारदर्शक झालेला.
बावीसपैकी चौदा बरोबर.
म्हातारा उतरला नाही.
शाईतला पोरगाच गेला,
बापानं संघच विकून टाकला.
आणि गज्जमच्या मागांवर आता
इंडीहून आलेला एक मुलगा आहे, एकोणीस वर्षांचा,
हात चांगला आहे त्याचा, खोटं का बोला.
हे आमच्या कुठल्याच यादीत नव्हतं.

शीक मीच खिलवलं. गज्जम आला होता,
मानेला पट्टा, दोन जादा मागवले.
मग तिघं होम मैदानावर.
तीच विहीर, फळ्यांना नवा निळा रंग,
पाटीवर कुणाचंच नाव नाही.
पायऱ्या चढताना गज्जम दोनदा थांबला.
खाली किक बसली, पहिली, दुसरी,
तिसरीला गाडी पेटली, पायाखालची फळी थरथरली.
आम्ही कठड्यावरून वाकून बघितलं.
नुसता धूर.
मी दहाची नोट काढून
हात पुढं धरून ठेवला.