निंदणीच्या वेळी जन्मलेला

मक्याच्या निंदणीत जन्मला, म्हणून ओडोयो.
आमच्याकडे नाव असं वेळेवरून पडतं,
आणि माणूस जन्मभर ती वेळ अंगावर वागवतो.
त्याच्या वाट्याला जन्म आला सात वर्षांचा.

जबडा डावीकडून सुजलेला,
जणू कणसाचा घास गालातच राहून गेलाय.
किसुमूच्या इस्पितळात मी त्याचं रक्त काढलं,
हिरव्या टोपणाची नळी, पाच मिलिलिटर.
"परत देणार ना?" त्यानं विचारलं.
मी हो म्हणाले.
लहान मुलांना आपण कशालाही हो म्हणतो.

नळीवर फक्त आकडा. नाव लिहायची परवानगी नाही.
पण चार मी वरून उघडा काढते,
त्यामुळे तो आकडा अजून माझ्या अक्षरात आहे.


छातीच्या हाडामागे थायमस असते.
म्हातारपणी तिची चरबी होते,
लहानपणी मात्र तिथे रात्रंदिवस निंदणी चालते.
कोवळ्या टी पेशी येतात, प्रत्येकीच्या अंगावर
कुठले कुठले तुकडे जोडून शिवलेला एक ग्राहक;
हाच तिचा हात, हेच तिचे डोळे.
घरच्यांवरच धावते ती उपटायची.
कुणालाच ओळखत नाही, तीही.
शंभरात दोन-चार उरतात,
त्या रक्तात उतरतात आणि दारोदार हिंडतात,
प्रत्येक पेशीच्या उंबऱ्यावरचं चिमूटभर प्रथिन चाचपत:
आपलं, की परक्याचं?

हा विषाणू तापासारखा येऊन जात नाही.
बी पेशीत बिऱ्हाड करतो, भाडं थकवत नाही.
इथे जवळपास सगळ्यांच्या अंगात आहे, माझ्याही.
गाठीत शिरला की मात्र घरातले दिवे मालवतो,
एकच ठेवतो, तोही वात खाली ओढून.
तेवढ्या उजेडात त्याला ओळखणाऱ्या
थोड्या.


यंत्रातून अक्षरं आली मार्चमध्ये.
सुरुवातीला सी ए एस एस, शेवटी एफ,
हे बहुतेकांचं सारखंच, आडनावासारखं.
मधली सात-आठ तेवढी ज्याची त्याची.
ओडोयोची एक ओळ मला पाठ झाली होती.
जेवणानंतर तीच ओळ पुन्हा समोर आली,
डुंग्याच्या ओगुटूच्या नळीतून.

ओगुटू बहात्तर वर्षांचा. जाळी विणतो,
दात नाहीत, सरोवराला शिव्या देतो,
अंथरूण कधी धरलं नाही.
नातं नाही, गोत नाही.
नळ्या मिसळल्या म्हणून तीनदा तपासलं.
तीच ओळ.
मुलाच्या रक्तात लाखात तीन.
म्हाताऱ्याच्या, लाखात नऊशे.
मलेरियानं त्या थकल्या असाव्यात, असं आम्ही अहवालात लिहितो;
म्हणजे ठाऊक नाही.


सायप्रोझ, त्याची आई, फाटकाशी ओमेना विकते,
सुकवलेली बारीक मासळी, पत्र्याच्या डब्यानं मोजून.
नियमात बसत नाही, तरी सांगितलं.
ती ऐकत होती, माश्या वारत.
"म्हणजे माझ्या पोराकडे माणूस होता," ती म्हणाली,
"पण एकटाच आला."

मग ती अक्षरं म्हणून दाखव म्हणाली.
सी ए एस एस, मी म्हटलं. तिनंही.
मधे अडखळली, पुन्हा पहिल्यापासून.
गिऱ्हाईक खोळंबलं, चुळबुळलं, निघून गेलं.
एफ झाल्यावर तिनं डबा भरला,
वर एक मूठ जास्तीची टाकली:
"त्या म्हाताऱ्याला दे."
"अगं, तो कोळी आहे. त्याला मासळी कशाला?"
"दे तरी."

संध्याकाळी वीज गेली, जनरेटर खोकत सुरू झाला.
टाकीतला नायट्रोजन मी पट्टीनं मोजला: बारा सेंटिमीटर,
शुक्रवारपर्यंत पुरेल.
पिशवी टेबलाखाली होती.
सगळ्या प्रयोगशाळेला
ओमेनाचा वास.