नखी

पिक म्हणायचं की नखी, यावरूनच आमचं पहिलं वाजलं.
मी म्हटलं, नखी.
बोनिफास अंकल म्हणाले, नखी सतारीला. हे पिक.
आणि दीर्घ नको बोलू, शेत नाय हे.

साकीनाका. प्लायवूडच्या गाळ्यावरचा पोटमाळा,
तासाला तीनशेची खोली.
भिंतींना अंड्यांचे ट्रे, दाराला जुनी गादी,
तरी खालची करवत जमिनीतून वर यायची
आणि अंकल मान तिरकी करून म्हणायचे,
ऐक, ही आपली चौथी तार. जराशी उतरलीय.

मी बोटांच्या बाजूने भांडायचे.
बोटांचा सूर कसा गोल येतो, म्हणायचे,
तर्जनी, मधलं, तर्जनी, मधलं,
दोन माणसं जिना चढतायत, न बोलता.
आणि पिक म्हणजे
स्टीलच्या डब्यावर चमचा.
माझ्यात आणि तारेत हा प्लॅस्टिकचा दलाल कशाला?

ते हसायचे. मान्यही करायचे नाहीत, खोडायचेही नाहीत.
तळव्याची कड ब्रिजवर टेकवायची,
डाउन, अप, डाउन, डाउन,
की कोपऱ्यातला स्नेअर कुणी हात न लावता
आपोआप कुरकुरू लागायचा.
संपलं की हात पँटच्या खिशात.
पिकसकट. लगेच.
मला वाटायचं, अकड आहे.
तीस वर्षं लोकांच्या लग्नांत वाजवलेल्या माणसाला
थोडी असतेच.

तिसऱ्या महिन्यात एकदा वीज गेली.
अ‍ॅम्प मेला. करवत थांबली.
अंधारात त्यांचं पिक कुठेतरी पडलं
आणि मी मोबाईलचा टॉर्च लावला.

पिक सापडलं, ड्रमच्या पायाशी.
त्याच्या आधी हात सापडला, जमीन चाचपणारा.
अंगठा. तर्जनी. मग
दोन खुंट, गुळगुळीत, फार जुने.
मग करंगळी.

पिक धरायला दोनच लागतात.
बाकीची मुठीत वळलेली असतात,
आहेत की नाहीत, कोण बघतं.

मरोळची पॉवर प्रेस, म्हणाले. सत्त्याऐंशी साल.
वॉशर काढत होतो, एवढीशी वॉशर.
जणू मी वॉशरचं माप विचारलं होतं.
आणि त्याआधी?
त्याआधी मी बोटांवाला.

तीन महिने मी पिकच्या नावाने बोटं मोडत होते.
मराठीत असंच म्हणतात, मी काय करू.

त्यांनी टॉर्च माझ्या हातातून घेतला
आणि माझ्याच हातावर धरला.
‘बाय, तुला हायेत ना? मंग वाजव की. भांडतेस कशाला?’

परवा अंधेरीत रेकॉर्डिंग होतं.
काचेपलीकडून परीक्षित म्हणाला, खाली नुसता चिखल होतोय,
हे गाणं पिकने घे.
माझ्या केसमध्ये त्यांचं एक होतं, कासवाच्या रंगाचं,
एक कोपरा झिजून गोल झालेलं.
घेतलं.
वाईट एवढंच की चांगलं वाजलं.
प्रत्येक ठोका सुटा, धुऊन निथळत ठेवल्यासारखा.
आणि मधलं बोट, आत वळून बसलेलं,
दर दुसऱ्या ठोक्याला किंचित हलत होतं,
आता आपली पाळी, असं समजून.
मी चारदा चुकले. कारण सांगितलं नाही.

रात्री अंकलना सगळी गाणी पाठवली.
उत्तर आलं:
अप कच्चा पडतोय. मनगट सोड.
मग बराच वेळ काही नाही.
मग:
तिसऱ्यात बोटं हायेत ना.
मी लिहिलं, हो.
ते म्हणाले, तेच लावलंय परत.