एकशे त्रेचाळीस दिवस

खुशाल निनावे, वकीलबाईंचा कारकून,
कडुनिंबाखाली खुर्ची ओढून देते आणि विचारते,
उशीर काहून झाला?
कायद्याचे साठ दिवस होते, ते गेले.
वरचे एकशे त्रेचाळीस कुठं गेले ते सांगा, ताई.
कोर्टाला एकेका दिवसाचा हिशोब लागते.

सांगते.
निकालाची नक्कल पहिल्या वकिलाजवळ अडकली होती.
उरलेली फी भरा, मग कागद न्या, म्हणे.
गांधीबागेत मी साड्यांच्या घड्या घालते,
त्याची फी किती घड्यांची
हे काढता काढता जून संपला.
जुलैत बाबांना कावीळ. मेयोत पलंगाखाली
सतरंजी टाकून अठरा रात्री.
खुशाल टाइप करते: आर्थिक अडचण. आजारपण.
डिस्चार्ज कार्ड असन तं जोडा.
जोडलं. बाबांचं नाव त्यात चुकलेलं आहे.

मग अजनीच्या जेलात मुलाखतीला गेली.
वकालतनाम्यावर सही पाहिजे, म्हटलं.
मोरेश्वर जाळीपलीकडून कागदाकडे पाहेच ना.
टिल्लू पंप चालते का, म्हणे.
चालते, म्हटलं.
वायर मी जोडली होती, जपून लावत जा, म्हणे.
वेळ संपली. सही पुढच्या महिन्यात.
खुशाल म्हणते, हे चालते. जेलची दिरंगाई.

तरी सत्तावीस दिवस उरतात.
खुशालभाऊ, थांबा, हे लिहा.
तो आत गेल्यापासून आमच्या घरात
ताट आपटल्याचा आवाज नाही.
कडी वाजली की आई उठून बसायची,
आता कुशीवर निजते, घोरते सुद्धा.
कारखानदाराच्या पोराला त्यानं सळाखीनं मारलं
ते मी पाहिलं नाही,
पण ओळखलं.
माझ्या डाव्या मनगटावर त्याचंच अक्षर आहे,
लहानपणचं, गिचमिड.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघाली.
इतवारीत पाय ठेवायला जागा नव्हती,
पिवळी डुलत डुलत आली, पोरं ओरडत होती,
रोगराई घेऊन जा गे मारबत!
मीही हात वर केला.
घेऊन जा, म्हटलं.
कोणाला, ते ओठापर्यंत आलं होतं.
ढोलात बुडालं की मी गिळलं, आठवत नाही.
त्यानंतर सत्तावीस दिवस
फाइल शिलाई मशीनच्या खणात होती
आणि मी झोपत होती.
चांगली झोप, भाऊ. तसंच लिहा.

तो की-बोर्डवरचे हात उचलते.
दोन चहा सांगते. एक कट, एक फुल.
असं नाही लिहत, ताई.
मग काहीतरी इंग्रजीत टाइप करते,
एक लांब शब्द, स्पेलिंग पाहून.
सत्तावीस दिवस त्या एका ओळीत मावले,
वर जागा उरली.

वकीलबाई येतात, उभ्या उभ्या वाचतात.
चष्म्यावरून माझ्याकडे पाहतात.
मग आता काहून आल्या?
टिल्लू बंद पडला, म्हटलं.
त्या हसल्या नाहीत, बरं झालं.
पंप उघडला तं आत वायरचा जोड,
त्यावर माझ्या जुन्या रिबिनीची पट्टी,
शाळेतली, लाल, घट्ट गुंडाळलेली.
कधी घेतली होती त्यानं, विचारूनही नाही.
त्याला दहा वर्षं झाली आहेत, मॅडम.
चार असती तं मी आली नसती.

बाई काही बोलत नाहीत. चौथ्या पानावर
पेन्सिलीनं एक आकडा सुधारतात.

प्रतिज्ञापत्र. वरील मजकूर
माझ्या माहितीप्रमाणे खरा आणि बरोबर.
मी सही करते, पूर्ण नाव, धकाते आडनावासकट.
शिक्केवाला तारखेचं चाक फिरवते,
एकतीस ऑक्टोबर, दाबते.
मी वाकली तशी म्हणते,
फुंकू नका बाई, पसरते.